तिची पुडी आणि माझा रिपोर्ट

मागच्या वर्षी मी एका पुडीवर जळत होतो. बोटभर लांबीची, चकचकीत कागदाची पुडी, आत पांढरी पावडर, आठवड्यातून एकदा दुधात टाकून घ्यायची. माणसाने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर जळावं, साडूच्या नोकरीवर जळावं, ते निदान रीतीला धरून तरी आहे. पण पन्नाशी ओलांडलेला, बऱ्यापैकी चालणाऱ्या कापड दुकानाचा मालक पुडीवर जळतो, हे मी सांगणार कुणाला? म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता लिहून मोकळा होतो.

आमचं दुकान सोनपेठला. पुढे दुकान, मागे घर. घरात आई, बायको आणि मी. मुलगी परभणीला कॉलेजात, शनिवारी येते आणि रविवारी डबा भरून जाते. या घरात हसवायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. लग्नकार्यात, बारशात, अगदी तेराव्याच्या जेवणानंतरसुद्धा लोक मला म्हणतात, "सांगा हो एखादा." आणि मी सांगतो. माझा सगळ्यात गाजलेला किस्सा म्हणजे परभणीच्या स्टँडवर मी चुकून भलत्याच वऱ्हाडाच्या टेम्पोत बसलो, अनोळखी लग्नात पोटभर जेवलो, मामा समजून त्यांनी टॉवेल-टोपी दिली तीही घेतली, आणि आमच्या खऱ्या लग्नात पोचलो तेव्हा तिथली पंगत उठली होती. बायको झरीची. नवी नवरी होती तेव्हा हा किस्सा ऐकून ती पदर तोंडात कोंबून हसायची, आणि टेम्पो यायच्या आधीच हसायला लागायची. सांगणाऱ्याला यापरता मान नाही.

तीच बायको दोन-अडीच वर्षांपूर्वी हळूहळू विझत गेली. एका दिवसात झालं असतं तर लक्षात आलं असतं. सकाळी उठायची तीच दमलेली. भाकरी थापता थापता थांबायची आणि परातीकडे बघत बसायची. कुकरची शिट्टी जोरात झाली म्हणून एकदा डोळे पुसत बसली. "पायाला मुंग्या येयल्यात," म्हणायची. आईला वाटलं, वय. मला वाटलं, मुलगी परभणीला गेली म्हणून. मालिका बघायची बंद झाली, तेव्हा मात्र मी घाबरलो.

मग मी कंबर कसली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आत जाऊन बसायचं आणि सांगत सुटायचं. गिऱ्हाइकांच्या नकला केल्या. साडी उलटी धरून रंग विचारणाऱ्या म्हाताऱ्या केल्या. टेम्पो तर इतक्यांदा काढला की त्याचे टायर झिजले. ती ओठाचा एक कोपरा हलवायची, "हं" म्हणायची. त्या अर्ध्या ओठावर मी चार-चार दिवस काढत होतो. आणि एकदा, जेवणं झाल्यावर ताट उचलता उचलता ती म्हणाली, "तुमी हाव म्हणून दिवस निघायलाय."

हे वाक्य मी जपून ठेवलं. दुकानात कापडाचं ठाण उलगडता उलगडता मनात काढून बघायचो. बायको उदास आहे याचं वाईट वाटत होतंच; पण तिचा दिवस माझ्यामुळे निघतो याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

गौरी-गणपतीला मुलगी घरी आली, तिने दोन दिवस आपल्या मम्मीला न्याहाळलं आणि म्हणाली, "पप्पा, किस्से बास. मम्मीला डॉक्टरकडं न्यायचं." परभणीला नेलं. डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला शांत. रक्त घेतलं, दोन दिवसांनी बोलावलं. बी-ट्वेल्व अगदी तळाला, व्हिटॅमिन डीसुद्धा तळाला.

"डी कसं कमी?" मी म्हणालो. "आमच्याकडं उन्हाला काय कमी हाय डॉक्टरसाहेब? मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजतोय."

"ऊन बाहेर आहे," डॉक्टर म्हणाले, "बाई घरात आहेत."

मग त्यांनी तिला खाण्याचं विचारलं. अंडी? ती दचकली. आमच्या घरात सकाळी महादेवाची पूजा झाल्याशिवाय कुणी घोटभर पाणी पीत नाही. अंड्याचं नावसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर. "छे, घरात चालतच न्हाई," ती म्हणाली. दूध? "चहात असतंय तेवढं." दही? "मला आवडत न्हाई." मी शेजारच्या खुर्चीवर बसून दर उत्तराला मान डोलवत होतो, साक्षीदारासारखा.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला आणि नसांना हे बी-ट्वेल्व लागतं. कमी पडलं तर मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं आणि मनही उतरतं. "सगळ्यांचीच उदासी यानं नसते, बरं का," ते म्हणाले. "काहींना वेगळे उपचार लागतात. पण तुमचं आधी हे भरून काढू, मग बघू." त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली, नंतर गोळ्या, डीची आठवड्याला एक पुडी, आणि सकाळी कोवळ्या उन्हात फिरणं. पुडीचा वार तिनेच ठरवला. सोमवार. उपासाला दूध चालतं म्हणून.

पहिला महिना काही झालं नाही. मी मनातल्या मनात, देवा क्षमा कर, थोडा निवांत झालो. दुपारचे किस्से चालू ठेवले.

मग एके दिवशी मी दुकानात धोतरजोड्या लावत बसलो होतो आणि आतून हसण्याचा आवाज आला. तिचा! पदर तोंडात कोंबलेला. मी कापड मोजायचा गज टाकून आत धावलो. दारात भाजीवाली बसली होती आणि बायको तिच्यासमोर उकिडवी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काई न्हाई. तुमाला न्हाई कळायचं."

वर्ष-दीड वर्ष मी जीव तोडून टेम्पो हाकला, आणि हसू नेलं भाजीवालीने! आणि ती भाजीवाली मला चांगली माहीत होती. तिला साधी कोथिंबिरीच्या भावाची थट्टा जमत नाही.

त्यानंतर घरातलं वातावरणच बदललं. बायको सकाळी शेजारच्या दोघींबरोबर नदीच्या रस्त्याला फिरायला जायला लागली. परत येताना तिघींचं हसणं गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचं. भाकरीला पुन्हा पापुद्रा सुटला. धुणं वाळत घालताना गाणं. आणि फोन! झरीला बहिणीला फोन, वालूरला मावशीला फोन, सगळीकडे एकच: "अगं, लय गुणाची पुडी हाय. आठवड्याला एक. डॉक्टरनं मला परत हसवलं बघ."

डॉक्टरनं हसवलं. हे क्रियापद चोवीस वर्षं माझ्या नावावर होतं.

मी एकदा जेवताना पुन्हा टेम्पो काढला. टॉवेल-टोपीपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो, ती म्हणाली, "ह्यो सांगितलाव की," आणि आईला भाजी वाढायला वळली. उदास होती तेव्हा तिने कधी असं तोडलं नव्हतं. बरी झाली आणि मी जुना झालो. त्या शनिवारी मुलगी आली, तिने माझा चेहरा बघितला आणि हळूच म्हणाली, "पप्पा, तुमी जळायलाव का मम्मीवर?"

"मम्मीवर कशाला जळू?" मी म्हणालो. खरंच मम्मीवर नव्हतो. पुडीवर होतो.

आता त्याच्यापुढचं लिहायला थोडी लाज वाटते. पुड्या मेडिकलमधून आणायचं काम माझं. एका सोमवारी मी पुडी आणली आणि सदऱ्याच्या खिशात तशीच ठेवली. विसरलो नव्हतो. बघू तरी, असा विचार होता. पुडीशिवाय ती किती हसते, आणि माझ्यामुळे किती. दिवसभर खिशात ती चुरचुरत होती, मी गिऱ्हाइकाला खण दाखवायला वाकलो की जास्तच. दुपारी बायकोने आतून विचारलं, "आणलीव का?" मी म्हणालो, "मेडिकल बंद हाय." मेडिकल आमच्या दुकानासमोर आहे. ती दारात आली, समोर बघितलं. मेडिकलवाला काउंटरवर उभा राहून केळं खात होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी खिशातून पुडी काढून दिली.

ती कारण विचारेल, भांडेल, असं वाटलं होतं. नुसती पुडी घेऊन आत गेली, आणि ते जास्त लागलं.

तेवढ्यावर मी शहाणा व्हायला पाहिजे होतं. पण मत्सराला डोकं असतं तर काय पाहिजे होतं. त्याच आठवड्यात मला एक कल्पना सुचली, आणि ती मला फारच हुशारीची वाटली. मलाही कमी असेल तर? घर एक, चूल एक, ताटात पडतं तेही एकच. तिचं तळाला गेलं तर माझं कुठे जाणार! म्हणजे इतकी वर्षं मी व्हिटॅमिनशिवायच एवढा विनोदी होतो. माझं भरून काढलं तर काय होईल? मग बघतो, भाजीवाली किती टिकते.

तिला दाखवायची तारीख होती, तेव्हा बरोबर गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "माझंबी तपासा. मला उदास वाटायलंय." खोटं नव्हतं ते. डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं, बायकोने पंख्याकडे. रक्त दिलं. पुढच्या वेळी दोघं रिपोर्ट घ्यायला गेलो. मी चेहरा आजारी माणसाचा करून बसलो होतो.

डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"अहो, तुमचं सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "डी चांगलं आहे, दुकान पूर्वेला तोंड करून असणार. आणि बी-ट्वेल्व तर काय! शाकाहारी माणसाचं या वयात इतकं चांगलं मी क्वचित बघतो. बाई, ह्यांना काय खाऊ घालता?"

"मी खाते तेच," बायको म्हणाली.

"मग असं कसं?" डॉक्टर सरळ मनाने विचार करायला लागले. "अंडी वगैरे..."

"छे छे," मी म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. डॉक्टर कागदाकडे बघत राहिले आणि बायको माझ्याकडे. चोवीस वर्षं ती कापडवाल्याच्या घरात आहे. अस्सल रेशीम कोणतं आणि भेसळ कोणती, हे हात न लावता ओळखते.

डॉक्टर म्हणाले, "उदास वाटतंय म्हणालात ना? त्याचं कारण या कागदात तरी नाही. तुम्हीच जरा शोधा."

परतीच्या गाडीत आम्हाला मागची सीट मिळाली. शहर मागे पडलं. मी खिडकीबाहेरचा कापूस बघत होतो, म्हणजे बघितल्यासारखं करत होतो.

"कुठं?" ती म्हणाली.

"काय कुठं?"

"अंडी."

मी पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टोपीकडे बघून म्हणालो, "आपल्या स्टँडच्या मागं. गाडा हाय."

"कवापासून?"

"लग्नापासून." मग थोडं थांबून, "म्हंजे, त्याच्याबी आधीपासून."

"किती?"

"दोन. उकडलेली. बाजाराच्या दिवशी आम्लेट."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलायला लागले. झालं, म्हटलं, रडायली. घरात महादेव, माझ्या पोटात अंडी, आणि ही बिचारी तळाला. मी तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली. पदर तोंडात होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. आवाज बाहेर फुटला तेव्हा अर्धी गाडी मागे वळली. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "काय झालं मावशी? आमालाबी सांगा की."

तिला बोलता येईना. शेवटी दम घेऊन माझ्या कानाशी म्हणाली, "म्हंजे चोवीस वर्षं तुमी मला हसवायलाव, ते अंड्याच्या जोरावर!"

माझा जन्मजात खुशमिजाज स्वभाव, माझी हजरजबाबी जीभ, सगळ्या नात्यागोत्यात गाजलेली माझी विनोदबुद्धी, हे सगळं स्टँडच्या मागच्या गाड्यावर उकडून, सोलून, मीठ-तिखट लावून मिळत होतं, असं एका कागदाने ठरवून टाकलं. पण खरं सांगतो, ती माझ्यामुळे हसत होती. एकही किस्सा न सांगता. मला इतकं बरं वाटलं की मीही हसायला लागलो.

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले. मग साध्या आवाजात, काही मागे राहिलेलं सामान सांगावं तसं, म्हणाली, "दही मला आवडतंय."

"काय?"

"दही. लय आवडतंय. माहेरी मी सटासट दोन वाट्या खायचे. इथं विरजण लावायचे तेवढं तुमाला, आईला आणि पोरीला पुरायचं. मग मी म्हणायचे, आवडत न्हाई. म्हणता म्हणता तसंच पडलं."

जेवताना दुसऱ्यांदा दही मागणारा मी डोळ्यांसमोर आला. वाटी पुढे करायचो आणि बोलणं चालूच ठेवायचो. डॉक्टरसमोर मान डोलवणाराही आला.

गंगाखेड गेल्यावर मी विचारलंच. इतके दिवस पोटात होतं. "मी तेवढं बोलायचो दुपारी... त्याचा काईच उपयोग नव्हता का?"

तिने विचार केला. लगेच उत्तर दिलं असतं तर मी मानलं नसतं.

"तुमी काय बोलायलाव ते पोचायचं न्हाई," ती म्हणाली. "आवाज यायचा. गिऱ्हाईक आलं अन् तुमी दुकानात गेलाव की आवाज बंद व्हायचा, मग भ्या वाटायचं. परत आलाव की बरं." मग पदर नीट करत म्हणाली, "किस्से तसे काई लय भारी न्हाईत. तो टेम्पोचा तर मला पैल्यापासून खोटा वाटतोय."

"खोटा न्हाई तो! टॉवेल हाय घरात!"

"तो दुकानातला हाय," ती म्हणाली.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, त्यानंतर पंधरा दिवसांनी आली. आमच्याकडे त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करून पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. शेंगा, हरभरा, तूर, वाल आणि सगळ्या पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या असं मांडून भाऊबंद, शेजारी गोल करून बसले. हिवाळ्याचं ऊन पाठीवर होतं. एवढं ऊन आणि एवढी कडधान्यं बघून माझ्या मनात आलं, आपल्या जुन्या माणसांनी वर्षातून एक दिवस तरी डॉक्टरसारखा विचार केला होता. हे बोलून दाखवावं, त्यावरून एखादा किस्सा काढावा, म्हणून मी घसा खाकरला.

"थांबा," चुलतभाऊ म्हणाला, "आज वहिनी सांगायल्यात. रिपोर्टचं."

आणि ती सांगायला लागली. माझा आजारी चेहरा कसा होता, डॉक्टरांनी चष्मा कसा काढला, छे छे मी कोणत्या पट्टीत म्हणालो. माझ्या आवाजाची नक्कल केली. हुबेहूब नव्हती, माझ्यापेक्षा चांगली होती. "तेवढं जोरात नव्हतं," मी मधेच म्हणालो. कुणी ऐकलं नाही. अंड्यांपाशी आली आणि थांबली. आई समोरच बसली होती, भज्जीत उंडा कुस्करत. सगळ्यांची नजर आईकडे. मी मान खाली घातली.

"त्येला काय हुतंय, सांग पुढं," आई म्हणाली. "मला काय ठाऊक न्हाई व्हय? बाजाराच्या दिवशी सदऱ्याला वास यायचा. पूजेच्या आधी अंघोळ करायचा म्हणून मी गप होते." मग माझ्याकडे वळून, "खा बाबा. पर सदरा बदलून घरात येत जा."

शेतात जो हशा उठला तसा माझ्या टेम्पोला कधी उठला नव्हता. किस्सा माझा, अंडी माझी, रक्तसुद्धा माझंच. आणि ऐकणारे सगळे तिच्याकडे तोंड करून बसलेले. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तुमच्या मंडळीला सांगायची लय हातोटी हाय की हो. तुमच्याकडनं शिकली म्हणावं तर तसंबी वाटत न्हाई." मी हसलो. आतून पेटलो होतो.

पुडी आता महिन्याला एकच असते. तिच्यावरचा माझा राग केव्हाच गेला. पण त्या दिवशी बायको जिथे थांबली होती, अंडी म्हणायच्या आधी, आईकडे बघत, ती जागा मी मनात खूण करून ठेवली आहे. मी असतो तर घाई केली असती. ती थांबली, सगळ्यांना श्वास धरायला लावला, आणि मग आईला बोलू दिलं. कुणाला शिकवता येत नाही हे.

ती पुढचा भाग सांगायला लागली, कंडक्टरचा. मी उठलो, दह्याचं गाडगं खोपीच्या सावलीत ठेवलं होतं तिथून वाटी काठोकाठ भरून आणली आणि तिच्यासमोर धरली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सांगता सांगताच हात पुढे करून वाटी घेतली, बोटाने साय ओढून तोंडात टाकली, आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाली, "काय झालं मावशी?"